जुना लायनर कुठे गेला?

खंडाळा म्हटलं की बाहेरच्या माणसाला लोणावळ्याशेजारचा खंडाळा आठवतो. १९९८ च्या 'गुलाम' सिनेमानंतर तर विचारूच नका. आमचा खंडाळा तो नव्हे. आमचा साताऱ्याचा, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा. इथे लोक हवा खायला येत नाहीत. घाट चढायच्या आधी गाडीतलं पाणी बघायला थांबतात. आज त्या पाण्याबद्दलच लिहायचं आहे, आणि लिहिता लिहिता थोडं भांडायचंही आहे.

झालं असं की माझ्या मामेभावाचा ट्रक अकरा महिन्यांत दुसऱ्यांदा उघडावा लागला. शिरवळहून कारखान्याचा माल कोल्हापूरकडे न्यायचा, हंगामात लोणंदचा कांदा मुंबईला टाकायचा, असा त्याचा धंदा. सहा सिलिंडरचं इंजिन. पहिल्या वेळी ऑइलची कांडी बाहेर काढली तर ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं. म्हणजे पाणी चेंबरमध्ये उतरलं होतं. गॅरेजमध्ये इंजिन उघडलं, सहाही लायनर, पिस्टन, रिंगा, पॅकिंग सगळं नवीन बसवलं. अकरा महिन्यांनी पुन्हा तोच चहा! मेस्त्री म्हणाला, "किट डुप्लिकेट निघालं." त्याच्या शेजारचा म्हणाला, "ब्लॉकच गेलाय, जुन्या बाजारातून दुसरा आणा." भावाने मला फोन केला, "दादा, ब्लॉक बदलायचा म्हणतायत. काय करू?"

मी एकच विचारलं, "जुने लायनर कुठे आहेत?"

पहिल्या वेळचे भंगारात गेले होते. किलोवर. ते कुणी उलटसुलट करून पाहिले होते का? नाही. आणि माझं सगळं भांडण इथूनच सुरू होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं बिडाचं मुख्य धड. त्यात ज्या नळकांड्यात पिस्टन वरखाली होतो, ते नळकांडं म्हणजे लायनर. काही इंजिनांत ते ब्लॉकला सगळीकडून चिकटून बसतं, तो ड्राय लायनर. मोठ्या गाड्यांत बहुतेक वेळा बाहेरच्या अंगाने थेट पाणी खेळतं, तो वेट लायनर. वर कॉलर, खाली रबरी ओ रिंगा, आणि मधल्या जागेत पाणी. आतून झिजलेला लायनर सगळे बघतात. बाहेरून खाल्लेला कुणी बघत नाही.

तर दुसऱ्या वेळचे लायनर भंगारात जायच्या आत मी गॅरेजमध्ये पोचलो. बोअर गेज आतून फिरवलं. वर, मध्ये, खाली; क्रँकच्या रेषेत आणि तिला आडवं. झीज जवळजवळ नव्हतीच, होनिंगच्या आडव्यातिडव्या रेघासुद्धा दिसत होत्या. डुप्लिकेट माल इतका टिकत नाही. मग लायनर उलटे केले. पिस्टनचा रेटा ज्या बाजूला बसतो, नेमक्या त्या बाजूला वरून खाली बारीक खड्ड्यांची ओळ, देवीचे व्रण असावेत तशी. आणि चौथ्या लायनरमध्ये एक खड्डा आरपार. टाचणी जाईल एवढा.

हे कशाने होतं? स्फोटाच्या वेळी पिस्टन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जाऊन आपटतो आणि लायनर थरथरतो. भिंत क्षणभर पाण्यापासून मागे सरते, तिथे वाफेचे सूक्ष्म बुडबुडे तयार होतात, आणि भिंत परतली की ते फुटतात. फुटताना लोखंडावर अगदी छोटा पण जबर घाव बसतो. २,४०० फेऱ्यांवर एक पिस्टन मिनिटाला ४,८०० वेळा लायनरमधून जातो. तासाचे झाले २,८८,००० प्रवास. घाव लहान असला तरी असे किती घाव सोसणार? कूलंटमधली रसायनं लोखंडावर एक पातळ थर धरतात, घाव त्या थरावर बसतो आणि थर पुन्हा धरला जातो. नुसत्या पाण्यात हा थर नसतो. घाव थेट लोखंडावर.

आणि भावाच्या गाडीत होतं बोअरचं पाणी. आमच्याकडच्या काळ्या पाषाणातलं, क्षाराने भरलेलं. भांड्यात उकळलं तर तळाला पांढरा थर धरणारं. तोच थर ब्लॉकच्या आत, पाण्याच्या वाटांवर धरतो, उष्णता अडवतो, आणि मग घाटात काटा वर चढतो. काटा वर चढला म्हणून कुणीतरी थर्मोस्टॅटही काढून टाकला होता. हा तर आपल्याकडचा रामबाण उपाय! त्याने घाटात तात्पुरतं बरं वाटतं, पण सपाटीवर इंजिन गार राहतं. गार भिंतीवर डिझेलमधल्या गंधकाचं आम्ल जमतं आणि लायनर आतूनही खाल्ला जातो. २०२० पासूनच्या भारत स्टेज सहाच्या डिझेलमध्ये गंधक खूपच कमी केलंय हे खरं, पण गार इंजिनात ऑइलही नीट काम करत नाही, त्याचं काय?

आता लोक काय म्हणतात ते ऐका. पहिलं वाक्य ठरलेलं : "आपल्याकडे काय बर्फ पडतो का? कूलंट थंड मुलखातल्या लोकांना." अहो, गोठू नये म्हणून घालतात हे अर्धंच खरं. तेच द्रव्य पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढवतं, आणि त्यातली गंज रोखणारी रसायनं हा तर आपल्या कामाचा मुख्य भाग. बर्फ नसेल पडत, पण बुडबुडे तर फुटतात ना? (आणि हो, नुसतं हिरवं पाणी म्हणजे कूलंट नव्हे. कंपनीच्या पुस्तकात जे लिहिलंय ते, तेवढ्याच प्रमाणात, शुद्ध केलेल्या पाण्यात.)

दुसरं वाक्य : "आमच्या आजोबांनी विहिरीवरच्या इंजिनात जन्मभर विहिरीचंच पाणी घातलं." घातलं. मीही बघितलंय. पण ते इंजिन कोणतं होतं? एका सिलिंडरचं, जाडजूड, मिनिटाला साडेसहाशेच्या आसपास फेऱ्या मारणारं. विहिरीचं पाणी एकीकडून आत आणि दुसरीकडून पाटात. आजचा ट्रक टर्बो लावून, चौपट फेऱ्यांवर, भरल्या मालासकट खंबाटकी चढतो. आजोबांच्या बैलगाडीला ब्रेक नव्हता म्हणून ट्रकला नको, असं म्हणाल का?

तिसरं वाक्य मात्र मला लागतं, कारण त्यात तथ्य आहे : "मापं घेत बसायला वेळ आणि पैसा कुणाकडे आहे?" गाडी उभी राहिली की हप्ता उभा राहत नाही. मालक रोज दोनदा फोन करतो, मेस्त्रीवर घाई लादतो. मेस्त्री अडाणी आहे असं मी म्हणणार नाही. उघड्या आकाशाखाली, खाली पोतं अंथरून, हेल्परच्या हातातल्या मोबाईलच्या उजेडात इंजिन बांधणारी माणसं आहेत ही. पण हिशेब तर करू. सहा लायनरची भोकं मोजायला आणि ब्लॉकमधल्या बैठकांना डायल लावायला मला किती वेळ लागला? दीड तास. आणि न मोजल्याने काय गेलं? एक अख्खं किट, दोन वेळची मजुरी, दोन महिन्यांचे हप्ते, आणि वर ब्लॉक बदलायचा सल्ला. इंजिन नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो आणि तोच आरसी बुकात असतो. बाजारातला ब्लॉक बसवला की आरटीओच्या खेपा वेगळ्याच.

ब्लॉकमध्ये काय निघालं म्हणता? एकच बैठक बाकीच्यांपेक्षा ०.०४ मिलिमीटरने खाली. लायनरची कॉलर ब्लॉकच्या माथ्यापेक्षा केसाच्या जाडीइतकी वर असावी लागते, तरच हेड बसल्यावर पॅकिंग नीट दाबलं जातं. तिथे योग्य जाडीची शिम टाकली आणि माप पुस्तकाप्रमाणे आलं. ब्लॉक ठणठणीत होता. तो भंगारात निघाला होता, का, तर त्याला कुणी डायलच लावला नव्हता.

वाईट याचं वाटतं की हे आपल्या भागात घडतं. सातारा रोडला धनजीशा कूपर यांनी कारखाना काढला आणि १९३० च्या दशकात तिथे डिझेल इंजिनं बनू लागली. (हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते.) तिकडे सांगलीच्या बाजूला, कुंडलच्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वाडी वसवली. पुढे १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. ज्या मुलखाने इंजिनं ओतली, घडवली, त्या मुलखात आज "बसवून बघू, चाललं तर चाललं" ही दुरुस्तीची रीत व्हावी? कारखान्यात मापाबाहेरचा एक लायनर निघाला तर तो नाकारला जातो. तोच लायनर शंभर किलोमीटरवर रस्त्याकडेला बसवताना माप कुणी विचारत नाही. मला हे मान्य नाही.

इथे माझंही माप काढतो, नाहीतर दुसऱ्याला शहाणपण शिकवल्यासारखं होईल. मी पंचवीस वर्षं बोअरिंग मशीनवर काढली. गॅरेजवाले ब्लॉकवर खडूने साईज लिहून पाठवायचे, मी तेवढं बोअर मारून, होन करून परत द्यायचो. माझं भोक शतांशात बरोबर असायचं आणि त्याचा मला भारी अभिमान. पण हे झिजलं कशाने, एकाच बाजूला का, फिल्टरमधून धूळ जाते का, असं किती जणांना विचारलं? फारच थोड्यांना. काही ब्लॉक वर्षा-दीड वर्षात पुढच्या ओव्हरसाईजला परत आले, तेव्हा मला गिऱ्हाईक परत आल्याचा आनंद झाला. आज त्या आनंदाची लाज वाटते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. ज्या दुरुस्तीत बिघाडाचं कारण सापडलं नाही, ती दुरुस्ती नव्हे, ती खरेदी. जुना सुटा भाग हा बिघाडाचा साक्षीदार असतो. त्याला न विचारता भंगारात घालणं म्हणजे साक्षीदाराला हाकलून खटला चालवणं. गाडी गॅरेजला लावताना आपण दोनच प्रश्न विचारतो : कितीत होईल आणि कधी मिळेल. त्यात आणखी तीन घाला. किती झिजलंय? कुठल्या बाजूला झिजलंय? जुने भाग मला दाखवणार का? हे तीन प्रश्न गिऱ्हाइकाने विचारले तर मेस्त्रीला बोअर गेज घेणं परवडेल. आपण विचारत नाही, म्हणून त्याच्याकडे ते नाही.

भावाची गाडी पुन्हा रस्त्यावर आहे. थर्मोस्टॅट बसवला, पाण्याच्या वाटा धुऊन घेतल्या, कूलंट भरलं. चौथा लायनर मात्र मी भंगारात जाऊ दिला नाही. तो भावाच्या ओसरीवर ठेवलाय. येणारा जाणारा विचारतो, हे काय? मग भाऊ टाचणी आणतो आणि त्या भोकातून आरपार घालून दाखवतो. परवा तर गॅरेजचा मेस्त्रीच येऊन बघून गेला. काही बोलला नाही, पण जाताना विचारलंन, "तुमचं ते गेज कुठे मिळतं?"