मुक्तिसंग्रामाची मालिका पालमपासून सुरू व्हावी

युद्धाचा इतिहास राजधानीतून सांगायचा की तालुक्याच्या गावातून, हा प्रश्न माहितीपटकारांना नवा नाही. केन बर्न्स या अमेरिकी दिग्दर्शकाने २००७ मध्ये दुसऱ्या महायुद्धावर ‘द वॉर’ ही ७ भागांची मालिका केली, तेव्हा सेनापतींऐवजी ४ गावे निवडली आणि तेथील हयात माणसांना बोलते केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचीच अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धावरील ६ भागांची मालिका प्रसारित झाली. तेथे भिस्त होती ती केवळ कागद, चित्रे आणि नकाशांवर. कारण अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या युद्धाचा साक्षीदार उरणे शक्यच नव्हते.

मराठवाडा मुक्तिसंग्रामावर अशा तोलामोलाच्या मालिकेची प्रतीक्षा करणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यायला हवा. सप्टेंबर १९४८ मध्ये १५ वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदी ओलांडून गेला आहे. मालिका लांबली, तर माणसे निघून जातील आणि हाती फक्त कागद उरतील.

या लढ्याचा ढोबळ आराखडा सर्वज्ञात आहे. १९३८ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबाद स्टेट काँग्रेसवर निजाम सरकारने घातलेली बंदी, स्वामी रामानंद तीर्थ यांचे नेतृत्व, नोव्हेंबर १९४७ चा ‘जैसे थे’ करार, लातुरात वकिली केलेल्या कासिम रझवीच्या रझाकारांचा धुमाकूळ आणि १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ची ‘पोलीस अ‍ॅक्शन’. पण पाच दिवसांची लष्करी कारवाई म्हणजे संपूर्ण संग्राम नव्हे. तो लढला गेला उमरखेडसारख्या सरहद्दीवरील कॅम्पांतून, उमरीच्या बँकेवरील धाडीतून आणि वसमतजवळच्या वापटीच्या बहिर्जी शिंदे यांच्यासारख्या हुतात्म्यांच्या बलिदानातून. वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते.

म्हणूनच कॅमेरा आधी पालमसारख्या गावी न्यायला हवा. गंगाखेडहून लोह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हे गाव परभणी जिल्ह्याच्या दक्षिण भागात, नांदेडच्या हद्दीलगत आहे. इतिहासाच्या ग्रंथांत अशा गावांच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते. कोणत्या घरातला तरुण कॅम्पावर गेला, रझाकारांच्या भीतीने कोणी गाव सोडले आणि सैन्य आल्यानंतर कोणाला गाव सोडावे लागले, याची उत्तरे अशा गावांतच मिळू शकतात.

यातील शेवटचा प्रश्न अवघड आहे. पण तो टाळता येणार नाही. पोलीस अ‍ॅक्शनच्या काळात आणि त्यानंतर झालेल्या हिंसाचारात २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज पंडित सुंदरलाल समितीने वर्तवला होता. मृतांत मुस्लिमांची संख्या मोठी होती आणि हा अहवाल अनेक दशके गोपनीय राहिला. रझाकारांचे अत्याचार दाखवायचे आणि हे पान मिटून ठेवायचे, किंवा याच्या उलट करायचे, हे दोन्ही मार्ग सोपे आहेत. १७ सप्टेंबरला काय म्हणावे यावरही एकमत नाही. महाराष्ट्रात तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, केंद्राच्या लेखी २०२४ पासून हैदराबाद मुक्ती दिन, तर तेलंगण सरकारने त्याच वर्षी तो ‘प्रजा पालन’ दिन म्हणून साजरा केला. २०२४ मध्येच आलेल्या ‘रझाकार’ या तेलुगू चित्रपटाने वाद पेटवला. त्याने समज किती वाढवली, हा प्रश्न उरतोच.

साधनांची उणीव ही सबब मात्र चालणार नाही. कुणबी नोंदींसाठी २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने निजामकालीन उर्दू व मोडी दप्तरे बाहेर आली, वाचलीही गेली. आरक्षणासाठी जे साधले, ते इतिहासासाठी साधू नये असे काही नाही. अनंत भालेराव यांच्यासारख्यांनी लिहून ठेवलेला इतिहासही हाताशी आहे.

तेव्हा मालिका कोण काढणार, कोणत्या वाहिनीवर येणार, या चर्चा नंतर होवोत. जिल्हा माहिती कार्यालये, महाविद्यालयांचे इतिहास विभाग आणि दूरदर्शन यांनी तालुक्यातालुक्यांतील नव्वदीपारच्या वृद्धांचे ध्वनिचित्रमुद्रण तरी तातडीने हाती घ्यावे. निर्माता उशिरा मिळाला तरी चालेल, साक्षीदार थांबणार नाहीत.