पाऱ्याचा पुरावा कोणी द्यायचा?

मावळाने पाण्यासाठी रक्त सांडले आहे. पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्ध 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊर येथे उभ्या ठाकलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि तिघांचा बळी घेतला. पाणी कोणाचे, हा प्रश्न त्या दिवशी विचारला गेला. त्या पाण्यात काय मिसळते व ते कोणाच्या पोटात जाते, हा त्याच प्रश्नाचा उत्तरार्ध आहे.

लोणावळ्याजवळ राजमाचीच्या डोंगरांत उगम पावणारी उल्हास नदी घाट उतरून कल्याणकडे जाते. तिला मिळणाऱ्या काळू नदीची कहाणी भारतीय पर्यावरणावरील नागरिकांच्या पहिल्या अहवालाने 1982 साली देशापुढे मांडली. आंबिवलीजवळ नदीच्या गाळात पारा सापडला होता. तो खडकांवरील वनस्पतींत शिरला आणि त्या खाणाऱ्या गुरांच्या दुधातही त्याचा अंश उतरला. कारखान्यांच्या ताळेबंदात जो खर्च कधी दाखवला गेला नाही, तो असा गवळ्याच्या चरवीत येऊन पडला.

हा पारा मुलांतील स्वमग्नतेला कारण होतो काय? अमेरिकेतील टेक्सास राज्यातील 254 परगण्यांच्या आकडेवारीवरून 2006 साली एक निष्कर्ष निघाला : वातावरणात सोडलेल्या दर हजार पौंड पाऱ्यामागे स्वमग्नतेच्या नोंदी 61 टक्क्यांनी अधिक. परंतु ही तुलना परगण्यांची होती. एकाही मुलाच्या अंगातील पारा तीत मोजलेला नव्हता. उलट, भरपूर मासे खाणाऱ्या सेशेल्स बेटांवरील मातांच्या केसांतील पारा मोजून केलेल्या अभ्यासात 2013 साली असा संबंध आढळला नाही. लसींतील पाराजन्य थायोमर्सल डेन्मार्कने 1992 साली बंद केले, तरी तेथे स्वमग्नतेच्या नोंदी वाढतच राहिल्या. तेव्हा कातकरी वाडीवरील आईला ‘लस टोचू नकोस’ असे सांगणारा मनुष्य पर्यावरणवादी नव्हे. तो गरिबाच्या लेकराला गोवर आणि घटसर्पाच्या तोंडी देतो.

मात्र ‘संबंध सिद्ध नाही’ एवढेच वाक्य उचलून स्वस्थ बसणारे सत्ताधारी व कारखानदारही तितकेच अपराधी आहेत. गर्भातील मेंदूवर पारा काय अनर्थ करतो, हे मिनामाताने दाखवून दिले आहे. तेथील रोगाची नोंद 1956 साली झाली. चिस्सो कंपनीच्या स्वतःच्या डॉक्टरला 1959 साली मांजरांवरील प्रयोगात कारण कळले. ते दडपण्यात आले. जपान सरकारने सत्य मान्य केले ते 1968 साली! दरम्यान आयांच्या उदरातच मुले पंगू झाली. आपल्याकडे कोडाईकनालचा हिंदुस्थान लिव्हरचा थर्मामीटर कारखाना 2001 साली बंद पडला. 591 माजी कामगारांशी तडजोड व्हायला 2016 साल उजाडले. नफा त्या त्या वर्षी वाटला जातो. नुकसान मात्र पिढ्यांच्या खाती लिहिले जाते. पुरावा देण्याचे ओझे पीडितावर टाकणारी अर्थव्यवस्था विज्ञानाची भाषा बोलते, पण काम मालकाचे करते.

कार्यकर्त्यांनी म्हणूनच स्वमग्नतेच्या भयावर आंदोलन उभारू नये. सिद्ध झालेल्या हानीवर उभारावे. इंद्रायणी, पवना व उल्हास या नद्यांतील गाळ आणि मासे यांतील पारा नियमित मोजावा आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावावेत. फुटक्या ट्यूबलाइट व थर्मामीटर उकिरड्यावर न जाता स्वतंत्र गोळा व्हावेत. 2016 च्या कायद्याने स्वमग्नतेला अपंगत्व म्हणून मान्यता दिली आहे. त्या मान्यतेला ग्रामीण रुग्णालयात उपचारतज्ज्ञाची जोड मिळावी. कारण कोणतेही असो, ते मूल समाजाचे आहे. पाऱ्यावरील मिनामाता करारावर भारताने 2018 साली शिक्कामोर्तब केले. त्या शाईचा अर्थ मावळातील नदीकाठी दिसला पाहिजे. तो दाखवण्याचे काम शासन आपण होऊन करणार नाही. ते करून घ्यावे लागेल.