शिकाऊ परवान्याचे तीस दिवस

शिकाऊ परवाना मिळाल्यापासून ३० दिवस उलटल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. चाचणीत नापास झाल्यास सात दिवसांनी पुन्हा यायचे. तीनदा नापास झाल्यास ६० दिवस थांबायचे. उमेदवाराने हे दिवस गाडी शिकण्यात घालवावेत, एवढ्यासाठी कायद्याने या मुदती घातल्या. पण महिनाभरात स्टेअरिंगला हातही न लावलेला माणूस एकतिसाव्या दिवशी चाचणीच्या रांगेत उभा राहू शकतो. गाडी किती तास चालवली, शेजारी परवानाधारक बसला होता का, रात्री किंवा पावसात चालवली का, हे त्याला कोणी विचारत नाही. २०२३ मध्ये देशातल्या रस्त्यांवर १ लाख ७२ हजारांहून अधिक माणसे गेली, त्यांतली १५ हजारांहून अधिक महाराष्ट्रात. खराब रस्ते, बेफाम वेग, दारू ही कारणे आहेतच. पण न शिकता मिळालेला परवाना हेही एक कारण आहे, आणि ते दूर करणे पूर्णपणे सरकारच्या हाती आहे.

परवाना कोणत्याही कार्यालयाने दिला तरी देशभर चालतो. तो देण्याआधीची चाचणी मात्र गावागणिक बदलते. पुण्यात मोटार चालवणाऱ्याला भोसरीच्या आखीव ट्रॅकवर कसोटी द्यावी लागते. अनेक तालुक्यांत आरटीओचा कॅम्प लागतो तो मोकळ्या मैदानावर. तिथे गाडी थोडी पुढे नेली, वळवून आणली की काम झाले, असे सर्रास ऐकायला मिळते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कोणत्याही कार्यालयात अर्ज करता येतो. ही सोय चांगली आहे, पण चाचणी सर्वत्र सारखी नसेल तर लोक सोप्या कार्यालयाकडे वळणार आणि एजंट त्यांना तिकडेच नेणार. सैल चाचणीतून बाहेर पडलेला चालक दुसऱ्या दिवशी कसाऱ्याच्या घाटात किंवा द्रुतगती मार्गावर असतो.

याची दुसरी बाजू अधिक क्लेशदायक आहे. सिरोंचाहून गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर. तिथल्या तरुणाने कॅम्प चुकवला तर पुढच्या कॅम्पची वाट पाहायची, नाहीतर मजुरी बुडवून जिल्ह्याला जायचे. शिकाऊ परवाना सहा महिन्यांत संपतो. तोवर चाचणी झाली नाही तर पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क. अशा वेळी तो विनापरवाना मोटारसायकल चालवू लागतो. पकडला गेला तर पाच हजारांचा दंड. त्याहून मोठे संकट अपघात झाल्यावर येते: विमा कंपनी परवाना नसल्याकडे बोट दाखवते आणि भरपाईचा बोजा त्याच्या घरावर येऊ शकतो. त्याला बेशिस्त म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे.

२०२१ पासून राज्यात आधारच्या मदतीने शिकाऊ परवान्याची परीक्षा घरबसल्या देता येते. दुर्गम भागासाठी ही सुविधा मोलाची आहे, ती बंद करू नये. मात्र उमेदवाराऐवजी दुसराच कोणी उत्तरे देतो, या तक्रारी गंभीर आहेत. उमेदवाराला रस्त्यावरच्या चिन्हांचा अर्थ कळतो का, हे पक्क्या चाचणीच्या वेळी समोरासमोर पुन्हा तपासता येईल.

प्रत्यक्ष सरावाची नोंद मात्र आधीच ठेवता येते. ऑस्ट्रेलियात याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. व्हिक्टोरियात २१ वर्षांखालील शिकाऊ चालकाला १२० तास गाडी चालवल्याची नोंद दाखवावी लागते, त्यांतले किमान २० रात्रीचे. क्वीन्सलंडमध्ये २५ वर्षांखालच्यांना १०० तास, त्यांतले १० रात्रीचे. आकडे निराळे, तरी दोन्हीकडे प्रत्यक्ष चालवलेले तास मोजले जातात. हा विचार आपल्याकडेही झालेला आहे. केंद्राच्या २०२१ च्या नियमांत मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रातला हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम चार आठवड्यांत २९ तासांचा ठरवला आहे. मग जो अशा केंद्रात जात नाही, त्याच्या ३० दिवसांत एकाही तासाची नोंद का नसावी? १२० तासांची सक्ती इथे परवडणारी नाही. ज्याच्या घरी मोटार नाही त्याला ती अशक्यच होईल. वीस तासांपासून सुरुवात करावी, त्यांत काही रात्रीचे ठेवावेत, आणि नोंदवहीवर प्रशिक्षकाइतकीच परवानाधारक नातेवाइकाची सहीही चालावी. खोट्या सह्या होतील, हा आक्षेप खरा आहे. चाचणी खऱ्या रस्त्यावर आणि चित्रीकरणासह झाली, तर न शिकलेला तिथे उघडा पडेल.

क्रम मात्र चुकता कामा नये. केरळने २०२४ मध्ये चाचणी कडक करायला घेतली तेव्हा ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्यांनी आंदोलन केले. नवे ट्रॅक आहेत कुठे, हा त्यांचा एक प्रश्न होता. महाराष्ट्राने आधी प्रत्येक जिल्ह्यात ट्रॅक आणि पुरेसे मोटार वाहन निरीक्षक द्यावेत, दूरच्या तालुक्यांत कॅम्प वाढवावेत आणि त्यानंतरच सर्वांना एकच चाचणी लावावी. तोपर्यंत, ज्याला वेळेत अर्ज करूनही सहा महिन्यांत चाचणीची तारीख मिळाली नाही, त्याच्या शिकाऊ परवान्याचे नूतनीकरण विनाशुल्क करण्याचा आदेश परिवहन खात्याने काढावा.