मागं बसलेला मालक

ढोलकी फडाच्या तमाशात फडाला निदान वाद्याचं नाव तरी मिळतं. ढोलकी वाजवणाऱ्याचं नाव विचारलं, तर दहातले नऊ प्रेक्षक एकमेकांकडे बघतील. जॅझमध्येही ड्रमरची जागा मागचीच. पुढं ट्रम्पेट, सॅक्सोफोन, गाणारी बाई आणि पाठीमागं घाम गाळणारा एक माणूस. तोच बँडचा मालक असेल तर काय होतं, हे पाहायचं असेल तर १९३०च्या दशकातल्या न्यूयॉर्कमध्ये जावं लागतं, हार्लेम या काळ्यांच्या वस्तीतल्या चिक वेबकडे.

खरं नाव विल्यम हेन्री वेब, गाव बाल्टिमोर. लहानपणी मणक्याचा क्षय झाला, पाठीला कुबड आलं आणि उंची चार फुटांच्या आसपास थांबली. पोरवयात पेपर विकून त्यानं ड्रम घेतले. त्याच्यावरचा जवळजवळ प्रत्येक लेख इथं येऊन गहिवरतो. मला तो गहिवर नको वाटतो. सॅव्हॉय बॉलरूममध्ये तिकीट काढून नाचायला आलेल्या माणसांनी कणवेपोटी एक पाऊलही टाकलं नसतं.

सॅव्हॉय १९२६ साली उघडलं. लेनॉक्स अव्हेन्यूवर १४० आणि १४१ क्रमांकाच्या रस्त्यांमधली अख्खी लांबी व्यापणारं ते नृत्यगृह होतं. काळे-गोरे एकाच फरशीवर नाचू शकत, आणि त्या काळच्या अमेरिकेत ही चैन फार थोड्या ठिकाणी होती. आत बँडसाठी दोन मंच होते. एक बँड थांबला की दुसरा सुरू, म्हणजे पायांना उसंत नाही. लिंडी हॉप हा नाच इथंच बहरला. असल्या जागी टीकाकार समोरच नाचत असतात. ठेका सैल झाला की ते बसून घेतात.

इथला घरचा बँड वेबचा. त्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती. अख्ख्या बँडच्या रचना तो पाठ करायचा. मधोमध उंच चौथऱ्यावर, भल्यामोठ्या बास ड्रममागं बसून तो ड्रमच्या इशाऱ्यांनीच कोणी कधी उठायचं, कुठं आवाज दाबायचा हे सांगायचा. हातात काठी घेऊन पुढं उभं राहणारा माणूस त्याच्या बँडमध्येही असे, पण तो शोभेपुरता. हुकूम मागूनच सुटत.

सॅव्हॉयमध्ये बँडांचे सामने लावत. ११ मे १९३७ रोजी बेनी गुडमन आला. स्विंगचा, म्हणजे नाचायच्या जॅझचा, राजा म्हणून देशभर गाजत असलेला गोरा क्लॅरिनेटवाला, आणि सोबत जीन क्रुपा, त्या घडीचा अमेरिकेतला सर्वांत लाडका ड्रमर. आत हजारो, बाहेर रस्त्यावर आणखी हजारो. वेबनं गुडमनच्याच गाजलेल्या चिजा वाजवून त्याला घरी पाठवलं. शेवटी क्रुपानं वेबपुढं वाकून नमस्कार केला. हरलेल्याची ही दिलदारी मला जिंकण्याइतकीच मोठी वाटते.

पण मला जास्त छळते ती पुढच्या वर्षीची रात्र, १६ जानेवारी १९३८. त्या रात्री गुडमनचा बँड कार्नेगी हॉलमध्ये वाजला. अभिजात संगीताच्या त्या देवळात स्विंग मानानं शिरल्याची तारीख म्हणून ती इतिहासात नोंदली गेली. कार्यक्रमाची सुरुवात झाली ‘डोन्ट बी दॅट वे’नं. ही चीज एडगर सॅम्पसनची. तो वेबच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचा आणि वेबनं ती १९३४ मध्येच ध्वनिमुद्रित केली होती. ‘स्टॉम्पिन अ‍ॅट द सॅव्हॉय’चीही तीच कथा: चीज सॅम्पसनची, आधी वाजवली वेबनं, देशभर खपली गुडमनच्या नावावर. आणि त्याच रात्री, शहराच्या वरच्या टोकाला, वेब स्वतः कुठं होता? सॅव्हॉयमध्ये काउंट बेसीच्या बँडशी झुंजत. कोण जिंकलं यावरून तेव्हाच दोन तट पडले. कार्नेगीतल्या टाळ्यांचा हिशेब मात्र कोणी मागितला नाही.

तेव्हा एला फिट्झजेराल्ड त्याच्याकडे येऊन तीन वर्षं होत आली होती. अपोलो थिएटरची हौशी गायकांची स्पर्धा जिंकलेली, रस्त्यावर दिवस काढलेली, अंगावर धड कपडे नसलेली सतरा वर्षांची मुलगी. वेब आधी नाखूश होता, त्याला देखणी गायिका हवी होती. येल विद्यापीठातल्या एका नाचाच्या कार्यक्रमात आजमावून बघू, म्हणाला, आणि मग तिला ठेवूनच घेतलं. (त्यानं तिला कायद्यानं दत्तक घेतलं, असं वर्षानुवर्षं छापलं गेलं. ते खरं नाही.) १९३८ मध्ये लहान मुलांच्या बडबडगीतावरून बेतलेलं ‘अ टिस्केट अ टास्केट’ देशभर पहिल्या क्रमांकावर गेलं आणि बँड एलाचा साथीदार होऊन बसला. जाणकार कुरकुरले. माझ्या मते वेबनं तो सौदा डोळे उघडे ठेवून केला. आपल्या चिजांवर दुसऱ्याचं नाव झालेलं त्यानं पाहिलं होतं. या वेळी निदान पोस्टर त्याच्याच बँडचं होतं.

शेवटच्या काळात तो दुखणं अंगावर काढत वाजवत राहिला. १६ जून १९३९ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तो गेला. वय तिशीतलं. अंत्यविधीत एला गायली. पुढं बँड तिच्या नावानं चालला, ड्रमवर बिल बीझन बसला, आणि १९४२ मध्ये बँडही मोडला.

त्या काळी रेकॉर्डिंग करताना ड्रम मायक्रोफोनपासून दूर ठेवत, म्हणून तबकड्यांवर वेब अर्धामुर्धाच सापडतो. तरी ‘हार्लेम काँगो’ आणि ‘लायझा’ या दोन चिजांत तो मोकळा सुटलेला ऐकू येतो. ऐकाल तेव्हा मोबाइलच्या स्पीकरवर लावू नका. आधीच दबलेला बास ड्रम तिथं पुरताच बुडतो.