गावाला बगल

सरकारी कागदपत्रांत गावाबाहेरून काढलेल्या रस्त्याला ‘बाह्यवळण’ असे सोज्ज्वळ नाव आहे. आमच्या मते त्याला ‘बगल’ हाच शब्द शोभला असता. कारण गावाला बगल देताना राज्यकर्ते बहुधा गावाच्या प्रश्नांनाही बगल देतात. पुरावा हवा असेल त्याने मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने खालापूर तालुक्यात यावे आणि चौकजवळ मान वर करून इर्शाळगडाकडे पाहावे.

प्रथमच स्पष्ट केले पाहिजे की, बाह्यवळणाला आमचा तात्त्विक विरोध नाही. भर बाजारपेठेतून मालमोटारी धडधडत जाव्यात, शाळेत निघालेल्या मुलांनी जीव मुठीत धरून रस्ता ओलांडावा, ही गावाची शोभा नव्हे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने चौक-खोपोलीच्या लोकांना हा अनुभव पुरेपूर दिला आहे. प्रश्न एवढाच की, रस्ता वळवताना हिशेब कोणाच्या सोयीचा मांडला जातो? जाणाऱ्याची वाचलेली मिनिटे मोजण्यास अभियंत्यांचे ताफे असतात. राहणाऱ्याला पडलेला वळसा मोजणारा कारकूनही नसतो.

बोरघाटाच्या पायथ्याचा हा मुलूख जाणाऱ्यांचाच मानला गेला आहे. इंग्रजांनी १८३० साली घाटातून गाडीरस्ता खुला केला, १८६३ साली आगगाडी वर चढली. घाटाची वाट शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखवली आणि बक्षीस म्हणून स्वातंत्र्य मागताच साहेबाने त्याला गोळी घातली, अशी आख्यायिका आहे. इतिहास म्हणून ती कितपत टिकेल हे संशोधकांनी ठरवावे; परंतु वाट ज्याची त्याला मोबदला काय, हे लोकांनी त्या कथेत नेमके सांगून ठेवले आहे. जुन्या घाटरस्त्यावर शिंगरोबाचे देऊळ आहे आणि जाणारे-येणारे तेथे नाणे टाकतात. द्रुतगती मार्गावर नाणे टाकायचे ते पथकर नाक्यावर!

हा सुमारे ९४ किलोमीटरचा मार्ग २००२ साली पूर्ण झाला. त्यावर दुचाकी, ट्रॅक्टर, बैलगाडी आणि पादचारी यांना मज्जाव आहे. वेगाच्या दृष्टीने हा नियम योग्यच. पण त्याचा अर्थ असा की, ज्याच्या खाचरातून रस्ता गेला त्याला आपली मोटारसायकलसुद्धा त्यावर घालता येत नाही. त्याच्या वाट्याला येतो तो रस्त्याखालचा बोगदा आणि तेथवर जाण्याचा वळसा. २००४ साली शासनाने ९१८ कोटी रुपये आगाऊ घेऊन पंधरा वर्षांची पथकरवसुली खाजगी कंपनीच्या हाती दिली. ती मुदत २०१९ मध्ये संपली तेव्हा रस्ता पथकरमुक्त होईल अशी भाबड्यांची समजूत होती. २०२० मध्ये ८,२६२ कोटींच्या बोलीवर आणखी दहा वर्षांची वसुली ठरली आणि एप्रिल २०२३ पासून मोटारीचा दर २७० वरून ३२० रुपयांवर गेला. नाक्याला नाव खालापूरचे. त्या पैशातून तालुक्याला किती मिळावे, हा विषय मात्र कोणत्याही कराराच्या चर्चेत ऐकू आला नाही.

इतक्यावर भागले नाही. घाटात नवा मार्ग आणि जुना महामार्ग काही अंतर एकत्र येतात व वाहतूक तुंबते, म्हणून खोपोली ते कुसगाव असा ‘मिसिंग लिंक’ प्रकल्प २०१९ साली हाती घेण्यात आला. बगलेलाही बगल! अंतर सुमारे सहा किलोमीटरने कमी व्हावे म्हणून सुमारे नऊ किलोमीटरचा एक बोगदा आणि दरीवर तारांनी तोललेला पूल. या अभियांत्रिकीचे कौतुक आम्हीही करू. परंतु जे राज्य सह्याद्रीच्या पोटातून नऊ किलोमीटर आरपार जाऊ शकते, ते त्याच सह्याद्रीच्या खांद्यावरच्या वाडीपर्यंत का पोहोचू शकत नाही?

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी या ठाकरांच्या वाडीवर डोंगर कोसळला. खाली एका अंगाला महामार्ग, दुसऱ्या अंगाला नवी मुंबईची तहान भागवणारा मोरबे धरणाचा जलाशय. आणि वाडीला जाण्यास पायवाटेखेरीज काही नाही. यंत्रे वर नेता आली नाहीत. पावसामुळे हेलिकॉप्टर उडू शकले नाही. माणसांनी घमेली-फावडी घेऊन चिखल उपसला. मदतीला धावलेला नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक अधिकारी चढण चढतानाच मरण पावला. २७ मृतदेह हाती लागले. चार दिवसांनी शोध थांबवण्यात आला तेव्हा ५७ माणसे बेपत्ता होती. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते, असे शासनाने विधिमंडळात सांगितले. म्हणजे रस्त्याने जिला बगल दिली होती, तिला यादीनेही दिली.

यावर कोणी म्हणेल, रस्ता असता म्हणून दरड थांबली असती काय? नसती. कदाचित उतार पोखरून केलेल्या वेड्यावाकड्या रस्त्याने ती आणखी ओढवली असती. आमचे म्हणणे निराळे आहे. रस्ता म्हणजे केवळ डांबर नव्हे. ज्या वाडीपर्यंत वाट असते तेथे तलाठी जातो, परिचारिका जाते, भूवैज्ञानिकही कधीतरी जातो. आणि ‘येथून हला’ असे वेळेवर सांगणारा माणूस पोहोचतो.

कायद्याची साथ मिळेल तर तीही नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचे मूल्यमापन बंधनकारक केले. परंतु राष्ट्रीय महामार्गाच्या कायद्याला त्याच अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीत बसवून त्यातून सूट दिली. नुकसानभरपाईचे नियम पुढे लागू झाले, हे खरे. पण भरपाई जमीनमालकाला मिळते. त्या जमिनीवर मजुरी करणाऱ्या कातकऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. रायगड जिल्ह्याचा पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात समावेश नसल्यामुळे कर्जत-खालापूरच्या ठाकर-कातकऱ्यांच्या ग्रामसभांना ‘पेसा’चे अधिकारही नाहीत.

म्हणून आमची मागणी आहे की, यापुढे या दोन तालुक्यांत कोणत्याही नव्या मार्गाची आखणी होण्यापूर्वी ती ग्रामसभेपुढे, वाडीवरच्या माणसांना कळेल अशा भाषेत, नकाशासह ठेवली जावी. गुरे, गाडी आणि प्रेतयात्रा जाईल एवढा रुंद ओलांड गावाने दाखवलेल्या जागी मिळावा, कंत्राटदाराला स्वस्त पडेल तेथे नव्हे. आणि खालापूर नाक्यावरील वसुलीचा ठरावीक हिस्सा तालुक्यातील वाड्यांच्या वाटांसाठी व धोक्यातील वस्त्यांच्या पुनर्वसनासाठी कायद्याने राखून ठेवावा. इर्शाळवाडीच्या वाचलेल्यांसाठी सिडकोने नानिवलीत ४४ घरे बांधली. सरकारने मनावर घेतले तर घरे उभी राहतात हे त्यातून सिद्ध झाले. ती ८४ माणसे गेल्यावर बांधली गेली. कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवर आणखी कोणकोणत्या वाड्या आहेत, त्यांपैकी किती पाहिल्या, किती हलवायच्या आणि कोठे, याची यादी जिल्हाधिकाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी.