तापीचा पाठ आणि त्याची मूळ फाइल

‘मुक्त शैक्षणिक साधने’ ही संज्ञा युनेस्कोने २००२ मध्ये भरवलेल्या एका बैठकीत रूढ झाली. नोव्हेंबर २०१९ मध्ये युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने या विषयावर स्वतंत्र शिफारस मंजूर केली. जे साहित्य सार्वजनिक मालकीचे आहे, किंवा ज्याच्या कर्त्याने ते वापरण्याची, बदलण्याची आणि पुन्हा वाटण्याची परवानगी आधीच देऊन ठेवली आहे, ते मुक्त. साहित्य फुकट मिळणे हा या व्याख्येचा एक भाग झाला. तेवढ्याने ती पुरी होत नाही. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात कुणालाही उतरवून घेता येतात, पण त्यांचे हक्क मंडळाकडे राखीव असतात आणि लेखी परवानगीवाचून त्यातला भाग उचलून नवा पाठ रचता येत नाही. एनसीईआरटीच्या पुस्तकांचीही स्थिती अशीच आहे. शिक्षकाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे, आणि छापील पानावरून आंतरक्रियात्मक पाठाकडे वळल्यावर तो आणखी मोठा होतो.

आंतरक्रियात्मक पाठ म्हणजे विद्यार्थ्याच्या कृतीला उत्तर देणारा पाठ. मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरच्या राजघाटावर असा पाठ रचायचा झाला तर काय काय लागेल, हे पाहण्यासारखे आहे. हा घाट शाही किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. समोर तापीच्या पात्रात दगडी हत्ती आहे आणि पावसाळ्यात पाणी किती चढले हे शहर त्या हत्तीवरून ओळखते. बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम पावलेली, सुमारे ७२४ किलोमीटर लांबीची ही नदी इथून पुढे जळगाव जिल्ह्यात शिरते आणि सुरतेपलीकडे खंभातच्या आखाताला मिळते. छापील पुस्तकात या माहितीचा एक परिच्छेद होईल. आंतरक्रियात्मक पाठात घाटाचे छायाचित्र समोर येईल, हत्तीवर बोट टेकवले की पुराची माहिती उघडेल, मुलताई, बुऱ्हाणपूर, भुसावळ, सुरत ही नावे ओढून नकाशावर आपापल्या जागी बसवावी लागतील. नदीच्या चित्रफितीत मध्येच थांबून प्रश्न येईल: भारतातल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे जात असताना ही पश्चिमेकडे का वाहते? उत्तर चुकले तर चित्रफीत दरीचा आणि उताराचा भाग पुन्हा दाखवील.

याच शहरातला कुंडी भंडारा हा तर अशा पाठासाठी फार मोलाचा विषय आहे. जहांगीरच्या राजवटीत, १६१५ च्या सुमारास, मुघल सरदार अब्दुर्रहीम खान-इ-खानान यांच्या कारकिर्दीत ही पाणीव्यवस्था उभी राहिली. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेले पाणी भूमिगत बोगद्यातून, कोणत्याही उपशाशिवाय, निव्वळ उताराच्या बळावर शहराकडे आणले गेले. बोगद्यावर ठरावीक अंतराने शंभराहून अधिक कुंड्या, म्हणजे विहिरीसारख्या उभ्या वाटा, खोदलेल्या आहेत. २०२४ मध्ये या पाणीव्यवस्थेचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आले. या रचनेतले सगळे शास्त्र उतारात आहे. बोगद्याचा उतार जमिनीच्या उतारापेक्षा कमी ठेवला तरच खोलवरचे पाणी शेवटी पृष्ठभागाजवळ पोचते. हे वाक्य पाठ करून सातवीच्या मुलाला फारसे कळत नाही. जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये उताराची सरकपट्टी त्याच्या हाती दिली, ती सरकवताना प्रत्येक कुंडीची खोली डोळ्यांदेखत बदलू लागली, की तेच मूल गुणोत्तर आणि पाणीव्यवस्था दोन्ही एकदम शिकते.

असे पाठ रचण्यासाठी प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही, हे गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या साधनांचे खरे कर्तृत्व. एच५पी हे नॉर्वेत २०१३ मध्ये सुरू झालेले मुक्तस्रोत साधन आज मोठ्या प्रमाणावर वापरात आहे. बोट टेकवताच माहिती उघडणारे चित्रावरचे बिंदू, मध्येच प्रश्न विचारणारी चित्रफीत, ओढून-ठेवण्याचे खेळ, निर्णयागणिक वाट बदलणारी गोष्ट असे अनेक प्रकार त्यात तयार साच्यांसारखे मिळतात आणि ते मूडल किंवा वर्डप्रेसमध्ये बसवता येतात. त्याआधी न्यूझीलंडमध्ये ईएक्सईलर्निंग तयार झाले. ते संगणकावर इंटरनेटविना चालते आणि रचलेला पाठ साध्या वेबपानांच्या किंवा ईपबच्या रूपात बाहेर काढून देते. पुढे स्पेनमधल्या शासकीय शिक्षणसंस्थांनी ते जोपासले. गणितासाठी जिओजेब्रा आहे. विज्ञानासाठी नोबेल विजेते कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये कोलोराडो विद्यापीठात सुरू केलेला फेट हा प्रयोगसंच आहे. त्यातले अनेक प्रयोग मराठीत उपलब्ध आहेत.

साधन निवडताना शिक्षक साधारणपणे त्याची चमक पाहतो. पाहायला हवे ते वेगळे आहे. डेव्हिड वायली, जॉन हिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मुक्त साहित्यासाठी चार कसोट्या मांडल्या, त्या आजही उत्तम आहेत. पाठ दुरुस्त करण्याचे साधन सर्वांना मिळते का? ते वापरायला किती कसब लागते? पाठ खरोखर बदलण्याजोगा आहे का, की छायाचित्रासारखा गोठलेला आहे? आणि विद्यार्थ्याला दिसणारी फाइल हीच संपादनाची मूळ फाइल आहे का? शेवटची कसोटी सर्वांत कठोर आहे आणि बहुतेक ‘मुक्त’ साहित्य तिथेच नापास होते. यूट्यूबवरच्या चित्रफितीला मुक्त परवाना लावता येतो, पण तिच्यातला चुकीचा नकाशा दुसऱ्या शिक्षकाला काढून टाकता येत नाही, कारण मूळ प्रकल्पफाइल कर्त्याच्या संगणकातच राहिलेली असते. याउलट एच५पीची फाइल ही खरे तर एक झिप फाइल असते. तिच्यात मजकूर, चित्रे आणि मांडणी सुटी ठेवलेली असतात, आणि कर्त्याने मुभा दिली असेल तर पाठाखालच्याच बटणाने ती जशीच्या तशी उतरवून बदलता येते. दिसणारा पाठ आणि मूळ पाठ एकच. या एका गुणासाठी एच५पीला इतर देखण्या साधनांपुढे ठेवले पाहिजे.

साधनांची मालकी बदलत राहते, म्हणूनही ही कसोटी महत्त्वाची. जिओजेब्रा २०२१ मध्ये बायजूजने विकत घेतले आणि २०२४ मध्ये बायजूजच्या मूळ कंपनीवरच दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. एच५पीमागची कंपनी २०२४ मध्ये कॅनडाच्या डी२एलकडे गेली. एच५पीची संहिता मुक्त असल्यामुळे आधी रचलेले पाठ आणि ते चालवणारे सॉफ्टवेअर कुणाच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही. ज्यांनी आपले पाठ एखाद्या कंपनीच्या बंद संकेतस्थळावरच रचून ठेवले आहेत, त्यांना ही हमी नसते. ॲडोबने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार काढून घेतला तेव्हा फ्लॅशमध्ये बांधलेले शैक्षणिक साहित्य जगभर एका दिवसात जुने झाले. तो धडा अजून ताजा आहे.

मराठी पाठाची वाट मात्र साधन निवडून झाल्यावरही सोपी होत नाही, कारण पहिली अडचण अक्षरांची येते. महाराष्ट्रातल्या शिक्षकांकडे वर्षानुवर्षे जमलेले साहित्य श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असते, मध्य प्रदेशातले कृतीदेवमध्ये. दोन्ही युनिकोडपूर्व असल्याने तो मजकूर पाठात चिकटवला की निरर्थक चिन्हे उमटतात. तो आधी रूपांतरित करावा लागतो आणि मग जोडाक्षरे हाताने तपासावी लागतात. दुसरी अडचण उत्तर तपासण्याची. रिकाम्या जागेचे उत्तर यंत्र अक्षराअक्षराने जुळवते. ‘बुऱ्हाणपूर’ मधला ऱ्हा दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टंकित होतो, डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात आणि यंत्र त्यातला एक चूक ठरवते. कुणी अंक देवनागरीत लिहितो, कुणी इंग्रजी पद्धतीने. राजघाटावरचे मूल नदीला ताप्ती म्हणेल, शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेरचे तापी म्हणेल. एच५पीत एका रिकाम्या जागेला तिरकी रेघ देऊन अनेक बरोबर उत्तरे नोंदवता येतात, ‘तापी/ताप्ती’ अशी. किरकोळ लेखनचुका क्षम्य धरण्याचीही सोय आहे. बटणांवरचा इंग्रजी मजकूरही प्रत्येक पाठात बदलून ‘तपासा’, ‘पुन्हा करा’ असा देता येतो. ही कामे वेळखाऊ आहेत. ती टाळली तर शुद्ध उत्तर लिहिणाऱ्या मुलाला यंत्र चूक ठरवते, आणि असा पाठ मुलाचा विश्वास कायमचा गमावतो.

शासकीय पातळीवर दोन मोठे प्रयत्न झाले. ऑगस्ट २०१३ मध्ये केंद्र सरकारने एनआरओईआर हे राष्ट्रीय मुक्त भांडार सुरू केले. तिथे साहित्याला सीसी (क्रिएटिव्ह कॉमन्स) बाय-एसए हा परवाना स्वीकारला गेला: कर्त्याचे नाव द्या, बदल करा, पण बदललेलेही याच अटीवर मुक्त ठेवा. ५ सप्टेंबर २०१७ रोजी आलेला दीक्षा हा मंच पाठ्यपुस्तकांवरच्या क्यूआर कोडमुळे घरोघर पोचला. तो एकस्टेप फाउंडेशनच्या सनबर्ड या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर उभा आहे, त्यात एच५पीच्या फाइली चालतात आणि पाठ मोबाइलवर उतरवून इंटरनेटविना पाहता येतात. सातपुड्यातल्या पाड्यांसाठी ही शेवटची सोय फार मोलाची आहे. उणीव आहे ती लेखनाच्या बाजूला. पाठ रचण्याचा अधिकार यंत्रणेने दिलेल्या खात्यांपुरता असतो. वर्गातल्या बहुतेक शिक्षकांच्या वाट्याला पाठ पाहणे आणि दाखवणे एवढेच येते. पुस्तकावरचा क्यूआर कोड आणि त्यामागचा दुरुस्त करता येणारा पाठ या दोन गोष्टी अजून एकत्र आलेल्या नाहीत.

क्यूआर कोडच्या या कल्पनेला सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत त्या वेळी काम करणारे रणजितसिंह डिसले यांच्यामुळे मोठी ओळख मिळाली आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. त्या गौरवात मागे पडलेली एक गोष्ट इथे अधिक कामाची आहे. त्यांच्या विद्यार्थ्यांची घरची भाषा कन्नड होती. डिसले कन्नड शिकले आणि त्यांनी पाठ्यपुस्तके त्या भाषेत नव्याने मांडली. सीमाभागातल्या शिक्षकाची खरी गरज ही असते. पाठ सुंदर दिसला म्हणून त्याचे भागत नाही. तो समोरच्या मुलाच्या भाषेत नेता आला पाहिजे.

बुऱ्हाणपूर जिल्ह्यात ही गरज रोजची आहे. शाळेची पुस्तके हिंदीत, अनेक घरांत मराठी, शहरात उर्दू, गावांत निमाडी, डोंगरात कोरकू आणि बारेली. शेजारच्या रावेर तालुक्यात तीच तापी मराठी पुस्तकात येते. नदी एक, शास्त्र एक आणि पाठ मात्र प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून रचायचा, हा वेळेचा अपव्यय आहे. प्रथम बुक्सने सप्टेंबर २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीव्हीवरने गोष्टींच्या बाबतीत दुसरी वाट दाखवली. तिथली चित्रे आणि मजकूर सीसी बाय, म्हणजे फक्त कर्त्याचे नाव देण्याची अट असलेल्या, परवान्याने खुले असतात आणि कुणीही मूळ गोष्ट उघडून तिची आपल्या भाषेतली आवृत्ती तिथेच तयार करू शकतो. मराठी गोष्टी तिथे भरपूर आहेत, कोरकू गोष्टीही आहेत. कोरकूसारख्या भाषेत छापील पाठ्यपुस्तकाचा खर्च कोणते प्रकाशनगृह उचलणार? मूळ पाठ उघडा असेल तर दोन-तीन शिक्षक आणि गावातली चार जाणती माणसे मिळूनही तो कोरकूत आणू शकतात.

परवाने एकमेकांत मिसळताना सावध राहावे लागते. घाटाचे छायाचित्र सीसी बाय-एसए असेल आणि नकाशा ‘व्यापारी वापर नाही’ आणि ‘याच अटीवर वाटा’ या दोन्ही अटींचा असेल, तर दोन्हींतून घडवलेला एकजीव पाठ कायदेशीररीत्या वाटता येत नाही, कारण दोन्ही परवाने आपापलीच अट पुढे चालवा म्हणतात. शोधयंत्रात सापडलेले, परवाना नसलेले छायाचित्र तर वापरूच नये. स्वतः काढलेले छायाचित्र सर्वांत निर्धास्त. राजघाट, कुंडी भंडारा, अरबी आणि संस्कृत असे दोन्ही शिलालेख असलेली जामा मशीद यांची छायाचित्रे बुऱ्हाणपूरचे शिक्षक आणि विद्यार्थी एका सुट्टीत जमवू शकतात. ती सीसी बाय परवान्याने विकिमीडिया कॉमन्सवर ठेवली तर रावेर, भुसावळ, बैतूल, सुरत सगळीकडच्या शाळांना वापरता येतील.

बालभारतीने निदान परिसर अभ्यास आणि भूगोलाची पुस्तके मुक्त परवान्याने, संपादनयोग्य युनिकोड मजकुरासह प्रसिद्ध करावीत, आणि मध्य प्रदेशच्या मंडळानेही तेच करावे. शिक्षकांनी त्याची वाट पाहत थांबू नये. जो पाठ रचाल त्यावर परवाना लिहा, आणि पाठाबरोबर त्याची मूळ फाइलही द्या.