वजन, वैवाहिक सुख आणि आमचे मौन

गुडघे दुखतात, चढण चढताना दम लागतो, असे सांगत मये गावातील आमच्या भगिनी डॉक्टरकडे जातात आणि "वजन कमी करा" एवढे ऐकून परत येतात. ज्या कारणाने संसारसुखास खरा तडा गेलेला असतो ते मात्र ना त्या सांगतात, ना डॉक्टर विचारतात. पतीशी संबंध नकोसा वाटणे, त्या वेळी दुखणे, जांघेत सतत खाज, खोकताना लघवी सुटणे, हे विषय या पानावर कशाला, असे काही वाचकांस वाटेल. गाईच्या माजाविषयी आम्ही येथे मोकळेपणाने लिहितो. घरातील स्त्रीविषयी लिहिताना मग आमची लेखणी का अडखळावी?

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातील 15 ते 49 वयाच्या सुमारे 36 टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. म्हणजे तिघींत एकीहून अधिक. याला केवळ जिभेचे चोचले म्हणणे आम्हांस पटत नाही. आमच्या आयांनी सरद आणि वायंगण अशी दोन्ही पिके चिखलात वाकून लावली, विहिरीचे पाणी कमरेवर आणले. पुढे खाणी आल्या, कित्येक शेते पडिक झाली, नळ आला, मिक्सर आला. हे सर्व गेले असते तर बरे, असे कोण म्हणेल? परंतु अंगमेहनत गेली आणि ताटातला भात तेवढाच राहिला. त्यात पोदेराचा पाव आणि गोड चहा यांची भर पडली.

आता वजनाचा आणि त्या सुखाचा संबंध कसा, ते पाहू. पोटाची चरबी वाढली की शरीरात इन्सुलिन वाढते. त्यामुळे बीजकोशांतून पुरुषी संप्रेरके जास्त स्रवतात, बीज वेळेवर सुटत नाही, पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने लांबते. मधुमेह जडला तर बारीक रक्तवाहिन्या व मज्जातंतू दुबळे होतात, कोरडेपणा येतो, बुरशीची खाज पुन्हा पुन्हा उद्भवते. आणि या सर्वांच्या वर असते ती लाज.

वजन उतरल्याने फरक पडतो काय? अमेरिकेत मधुमेह असलेल्या 375 स्त्रियांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष 2013 साली प्रसिद्ध झाले. त्यांतील पतीशी संबंध चालू असलेल्या स्त्रियांपैकी निम्म्यांना आरंभीच लैंगिक तक्रारी होत्या. अशा तक्रारी असलेल्यांपैकी ज्यांनी आहार व चालण्याचा कसून कार्यक्रम पाळला, त्यांचे वजन वर्षात सरासरी साडेसात किलोंनी उतरले आणि 28 टक्के स्त्रियांची तक्रार दूर झाली. केवळ माहिती मिळालेल्या गटात हे प्रमाण 11 टक्के होते. लघवी सुटण्याच्या तक्रारीवर 2009 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात, आठ टक्के वजन घटताच असे प्रसंग जवळजवळ निम्म्यावर आले. पंच्याहत्तर किलोच्या बाईस हे सहा किलो होतात. सडपातळ होण्याची गरज नाही.

तथापि पहिल्या पाहणीतील आकडा उलटाही वाचावा. शंभरातील बहात्तर जणींची तक्रार वर्षानंतरही होतीच. म्हणून प्रत्येक दुखण्याचे खापर वजनावर फोडणे हा आम्ही अन्याय समजतो. आपल्याच बार्देसातील हळदोणे परिसरात सुमारे अडीच हजार स्त्रियांची तपासणी झाली होती. अंगावर पांढरे जाण्याच्या तक्रारीमागे जंतूंपेक्षा मनाचा ताण व उदासी यांचा धागा तेथे अधिक बळकट दिसला. जाड म्हणून दिवसाकाठी चारदा टोमणे खाणाऱ्या बाईचे मन रात्री कसे उमलावे? टोमणे मारणाऱ्या पतिराजांचे स्वतःचे पोट पुष्कळदा पट्ट्याबाहेर आलेले असते, हेही येथे नमूद करतो. त्यांनी पत्नीबरोबर मयेच्या तळ्यापर्यंत रोज पाऊण तास चालावे. रात्रीची भांडीही कधी घासावीत, म्हणजे तिला चालण्यास वेळ मिळेल.

आहाराविषयी थोडेच सांगतो. नुस्ते सोडू नये, तळणे सोडावे. उकड्या तांदळाचा भात निम्मा करून तांबडी भाजी, अळसांदे, कुळीथ वाढवावे. परसात दोडकी-तवशी लावावी. वाकणे-खणणे हाही व्यायामच होय.

आता वजन उतरवणारी इंजेक्शने निघाली आहेत. 2025 पासून यांतील नवी औषधे भारतातही मिळू लागली. डॉक्टरच्या देखरेखीत ती उपयोगी आहेत, परंतु तरुण भगिनींनी एक ध्यानात ठेवावे. वजन घटताच बंद पडलेले बीज पुन्हा सुटू लागते आणि दिवस राहू शकतात, आणि गरोदरपणात ही औषधे चालत नाहीत. नैसर्गिक पद्धतीने कुटुंबनियोजन करणाऱ्या आमच्या जोडप्यांसाठी ही बाब विशेष महत्त्वाची आहे. पाळी अनियमित असता स्रावाच्या खुणा वाचणे अवघड जाते. ती पूर्ववत होत असतानाचे काही महिने तर अधिकच फसवे. विवाहपूर्व वर्गात वधूवरांना हे कोणी सांगत असल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तेथे एखाद्या स्त्री-डॉक्टरला तासभर बोलावावे, असे आम्ही सुचवतो, आणि त्या तासाला वरांनाही बसवावे.